बुडताना कुठलं क्रियापद वापरावं?

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी एक नियम तो बिनचूक सांगतो: 'आय आणि वी असेल तर शॅल, बाकी सगळ्यांना विल.' त्याला जोडून एक पोटनियम होता. वचन द्यायचं असेल, दम भरायचा असेल किंवा हट्टाला पेटायचं असेल, तर सगळं उलटं करायचं. म्हणजे नुसतं जायचं असेल तर 'आय शॅल गो', आणि कोण अडवतो तेच बघतो अशा तयारीने जायचं असेल तर 'आय विल गो'. पाचवीतल्या पोराला इंग्रजीतून दम भरण्याचा प्रसंग कधी येणार होता कोण जाणे, पण सोय करून ठेवलेली होती. मागच्या बाकांवर या शॅलची शाल व्हायची, आणि 'आय शाल गो' ऐकलं की श्रीफळ कोण देणार, एवढाच प्रश्न उरायचा.

आपल्याकडे हा नियम घरोघरी पोचवला तो रेन आणि मार्टिन या व्याकरणकार जोडीने. यातले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले साहेब. पण इंग्लंडात त्यांना ओळखतात ते 'बो जेस्ट' या १९२४ सालच्या कादंबरीमुळे. फ्रेंचांच्या परकीय पलटणीची ही गोष्ट घडते सहारा वाळवंटात, आणि तिच्यात मेलेले शिपाई किल्ल्याच्या तटावर बंदुका घेऊन उभे करून ठेवलेले असतात. दुरून बघणाऱ्याला वाटावं, पलटण जागी आहे. शॅलच्या नियमाची अवस्था पुढे नेमकी तशी झाली. नियम केव्हाच मेला होता, आपण मात्र त्याला व्याकरणाच्या तटावर उभा करून सलाम ठोकत राहिलो.

मूळ गुन्हेगार मात्र रेनसाहेब नव्हेत. तो मान जातो जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या भूमितीच्या प्राध्यापकाकडे. त्याने १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. इंग्रजी कसं बोलावं हे कळण्यासाठी आधी लॅटिन शिकावं, अशी ही व्यवस्था. त्याने सांगितलं, की प्रथम पुरुषात शॅल नुसतं भाकीत करतो आणि विल वचन देतो किंवा धमकावतो. द्वितीय आणि तृतीय पुरुषात याच्या बरोबर उलट. दोनच वर्षांनी याच गृहस्थाने गणिताला अनंताचं ते आडव्या आठाचं चिन्ह दिलं. विद्यार्थ्यांच्या हालांची मर्यादा किती, हे त्याला तोवर कळलं असावं. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या पक्षाची सांकेतिक पत्रं फोडून पार्लमेंटला वाचून दाखवणं हा त्याचा जोडधंदा होता. शॅल-विलच्या बाबतीत त्याने एक नवीनच संकेत तयार करून दिला आणि तो फोडायचं काम पुढच्या तीनशे वर्षांच्या मास्तरांवर सोपवलं.

या संकेताच्या बळीचा एक विनोद इंग्रज लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. एक माणूस नदीत गटांगळ्या खातोय. विनोदातला माणूस अर्थातच स्कॉटिश, आयरिश किंवा फ्रेंच असतो. इंग्रज चुकीच्या व्याकरणात बुडत नाहीत. तो ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' काठावरचे इंग्रज ऐकतात, वाक्याचं मनातल्या मनात व्याकरण चालवतात, आणि 'मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवलंत तर' असा त्याचा पक्का निर्धार दिसल्यामुळे टोप्या उंचावून आपल्या वाटेने निघून जातात. बिचाऱ्याला म्हणायचं होतं 'आय शॅल ड्राउन, नोबडी विल सेव्ह मी'. दोन शब्दांची अदलाबदल, आणि माणूस गेला.

यावर हसण्याआधी आपण जरा आपल्या घरात डोकवावं. मोरो केशव दामल्यांचा शास्त्रीय मराठी व्याकरणाचा ग्रंथ १९११ सालचा. या परंपरेतली शिस्त अशी, की मोजके अपवाद सोडले तर सकर्मक धातूला 'ईन' आणि अकर्मकाला 'एन'. मी पत्र लिहीन, काम करीन, पण खाली बसेन आणि पहाटे उठेन. 'मी मारीन' आणि 'मी मरेन' यांतला फरक सोसणाऱ्याला चांगलाच कळतो. आपला माणूस नदीत असता, तर 'मी बुडेन' म्हणाला असता आणि लोकांनी उड्या घेतल्या असत्या. 'मी बुडवीन' म्हणाला असता, तर लोकांनी आपापल्या ठेवी मोडून घेतल्या असत्या. आता बहुतेक मंडळी सरसकट 'करेन' म्हणतात. 'करीन' म्हणणारे जे थोडे उरलेत, ते वर्तमानपत्रांना पत्रं लिहून भाषेच्या ऱ्हासाबद्दल काळजी व्यक्त करतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, मात्र ते पत्राचा शेवट 'वेळ मिळाल्यास सविस्तर लिहेन' असा करतात तेव्हा गंमत वाटते.

इंग्रजांकडेही असे राखणदार होतेच. हेन्री आणि फ्रान्सिस हे फाउलर बंधू त्यांतले अग्रगण्य. १९०६ साली त्यांनी 'द किंग्ज इंग्लिश' काढलं आणि शॅल-विलवर वीसेक पानं खर्च केली. सुरुवातीलाच त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकलं, की दक्षिण इंग्लंडातल्या माणसाला हे जन्मतःच येतं, आणि ज्याचा जन्म तिथे झाला नाही त्याला हे जवळपास शिकता येत नाही, त्यामुळे हे प्रकरण त्याच्या उपयोगाचं नाही. म्हणजे ज्याला येतं त्याला वाचायची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याने वाचून फायदा नाही. अशी वीस पानं छापायला एक विशिष्ट आत्मविश्वास लागतो. मराठीत तो आहे, पण आपण तो प्रस्तावनेपुरता ठेवतो.

जन्माने सगळं साधतं असं धरलं, तर विन्स्टन चर्चिलना ते साधायला हवं होतं. ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनमच्या राजवाड्यात जन्म, ड्यूकच्या घराण्यात. ४ जून १९४० रोजी पार्लमेंटमध्ये उभं राहून ते म्हणाले, आम्ही समुद्रकिनाऱ्यांवर लढू, शेतांत आणि रस्त्यांवर लढू, कधीही शरण जाणार नाही. जगाच्या इतिहासातल्या निर्धाराच्या भाषणांत याचा नंबर फार वर लागतो, आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत 'वी शॅल'. वॉलिसच्या नियमाने हा झाला नुसता साधा भविष्यकाळ. 'आमचा किनाऱ्यावर लढण्याचा योग दिसतो', एवढाच त्याचा अर्थ. निर्धार हवा तर 'वी विल' पाहिजे होतं. परीक्षकाने लाल पेन्सिलीने गोल केला असता आणि अर्धा गुण कापला असता. त्यांची आई ब्रुकलिनमध्ये जन्मलेली अमेरिकन होती, असा बचाव करता येईल. पण मग १९४२ मध्ये फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचलेला अमेरिकन जनरल मॅकआर्थर 'आय शॅल रिटर्न' म्हणाला, त्याचं काय करायचं? वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी ते वाक्य 'वी शॅल रिटर्न' असं सुधारून मागितलं. त्यांची तक्रार 'आय'बद्दल होती. शॅलबद्दल कुणीच हरकत घेतली नाही. जनरलसाहेबांनी दुरुस्ती धुडकावली, आणि २० ऑक्टोबर १९४४ ला ते लेटे बेटावर पाण्यातून चालत परत आले. साध्या भविष्यकाळात, म्हणे.

आपल्या प्रत्येक शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणून जे गायलं जातं, त्याचं मूळ 'वी शॅल ओव्हरकम'. हे गाणं आधी 'विल' घालून गायलं जायचं. तंबाखू कारखान्यातल्या संपकरी कामगारांकडून ते लोकगायकांकडे आलं आणि फिरता फिरता विलचं शॅल झालं. पीट सीगर या गायकाने याची जी कारणमीमांसा सांगितली ती व्याकरणाच्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. 'शॅल' म्हणताना तोंड जास्त उघडतं, म्हणून गायला बरं. बस्स. साडेतीन शतकांच्या वादात मला पटलेला हा एकमेव युक्तिवाद आहे.

खरं तर दोन्ही शब्दांची घराणी बघितली की वॉलिसचा गोंधळ थोडा माफ करावासा वाटतो. इंग्रजीला मुळात स्वतःचा भविष्यकाळच नाही. आपल्या 'करीन, जाईन'प्रमाणे धातूलाच लावायचा प्रत्यय तिच्याकडे नव्हता, म्हणून तिने दोन क्रियापदं कामाला जुंपली. शॅलचा जुना अर्थ 'देणं लागणं'. जर्मन भाषेतला कर्जाचा 'शुल्ड' हा त्याच कुळातला. विलचा अर्थ 'इच्छा असणं'. उद्या जे घडेल ते एक तर कर्जापोटी नाही तर हौसेपोटी. घराच्या हप्त्यांत अडकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला यात काही नवीन वाटणार नाही. आपल्याकडे विल नाम म्हणून अधिक लोकप्रिय आहे. 'अण्णांनी विल केलंय' असं कळल्यावर घरात जो भविष्यकाळ सुरू होतो, त्यात सगळ्यांना इच्छाच इच्छा असतात आणि देणं कुणालाच आठवत नाही.

हौसेचा हा अर्थ अजून एका ठिकाणी टिकून आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्न लावताना पाद्री विचारतो, हिचा स्वीकार करायची तुझी इच्छा आहे का? नवरा म्हणतो, 'आय विल.' तो भविष्यकाळ नव्हे. 'पुढे बघू' असा त्याचा अर्थ नाही. इच्छा आहे, एवढंच. आणि देण्याचा अर्थ टिकून आहे तो 'शॅल आय?' या प्रश्नात. समोरच्याने आज्ञा करावी, मग मी ती पाळतो. याला मराठीत चोख जोडी आहे: 'चहा टाकू का?' ही झाली शॅल. 'चहा घेणार का?' ही झाली विल. इथे सगळी जबाबदारी पाहुण्याच्या इच्छेवर ढकललेली आहे, आणि सभ्य पाहुण्याला 'नको, आत्ताच झाला' याखेरीज उत्तर उरत नाही. 'चहा घेऊनच आला असाल' ही तिसरी पायरी. इंग्रजीत याला पूर्ण भविष्यकाळ म्हणतात, आपल्याकडे एका शहराचं नाव देतात.

तरीही या दोन शब्दांसाठी जीव टाकणारे लोक आहेत, आणि त्यांतले बरेच आमच्या सोसायटीत राहतात. पाण्याची टाकी धुवायची होती. सचिव बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी इंग्रजीत सूचना लावली: मंगळवारी 'वॉटर सप्लाय शॅल रिमेन क्लोज्ड'. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका फळ्यापुढे उभे. हे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले.

"अहो सचिव, तृतीय पुरुषात शॅल? पाण्याला काय हुकूम देताय?"

"सर, सूचनेत शॅलच लागतं. आमच्या हेड ऑफिसची सगळी सर्क्युलरं शॅलमध्ये यायची."

"यायची, पण ती माणसांना यायची. माणसाला हुकूम देता येतो. पाण्याला विल."

"पाण्याला कसली आलीय विल? टाकी आपण धुतोय!"

या मुद्द्यावर काका क्षणभर अडखळले. पहिल्या मजल्यावरच्या, संगणक कंपनीत काम करणाऱ्या मुलीने येता येता सुचवलं, की 'शॅल' आता कुणी म्हणत नाही, 'डब्ल्यू आय डबल एल' पण लिहू नका, नुसतं 'नो वॉटर ट्यूसडे' लिहा. दोघांनीही तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तीत त्यांची क्षणात एकजूट झालेली दिसली. तोवर वॉचमनने लिफ्टशेजारच्या भिंतीवर खडूने लिहून टाकलं होतं: 'मंगळवारी पाणी नाही.' क्रियापदाला काळ नाही, पुरुष नाही, तरी सगळ्यांनी सोमवारी रात्रीच बादल्या भरून ठेवल्या.

मराठी माणसाच्या भविष्यकाळाबद्दल बोलायचं, तर आपण तो वापरायचंच टाळतो. इंग्रजीने दोन शब्द घेतले, आपण दोन काळ घेतले, आणि तेही उसने. सुताराला फोन करा. 'आलोच!' हा भूतकाळ. अर्थ: तो अजून घरून निघालेला नाही. 'उद्या सकाळी करून देतो.' हा वर्तमानकाळ. अर्थ: परवा संध्याकाळ. चुकून एखादा 'येईन' म्हणाला, तर त्याची आशा सोडावी, कारण अस्सल भविष्यकाळ आपण फक्त टाळण्यासाठी ठेवलेला आहे. 'येईन कधीतरी', 'सांगेन तुला', 'होईल हो सगळं'. आणि 'असेल' तर भविष्यकाळ उरलेलाच नाही. 'चष्मा कुठाय माझा?' 'असेल तिथेच कुठेतरी.' यात कसला भविष्यकाळ? ही निव्वळ जबाबदारी झटकणं आहे. इंग्रज माणूसही दाराची घंटा वाजली की 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतो, तेव्हा तो भविष्य सांगत नसतो, अंदाज करत असतो. एवढ्या एका बाबतीत विल आणि असेल यांचं चांगलं जमतं.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेचा मराठी अनुवाद उघडला की पहिल्याच अनुच्छेदाशी मी थबकतो. इंग्रजीत आहे 'शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स'. मराठीत भारत हा राज्यांचा संघ 'असेल'. अनुवाद अगदी बरोबर, कायद्याला धरून. पण घरात बसून मोठ्याने वाचा. आतल्या खोलीतून कुणीतरी विचारलंय आणि आपण पेपरातून डोकं वर न काढता उत्तर देतोय, असं वाटतं की नाही?

कायद्यातला शॅल हा खरा बडा असामी. तिथे तो हुकूम सोडतो, निदान तसं वकील सांगतात. न्यायालयं जरा वेगळं सांगतात. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८० साली ऑक्सफर्डच्या बिशपच्या खटल्यात ठरवलं, की कायद्यात 'इट शॅल बी लॉफुल' लिहिलंय म्हणून बिशपवर काही बंधन येत नाही. त्याला हवं तर तो करू शकतो. आपल्या घटनेच्या ३२० व्या अनुच्छेदात लिहिलं आहे, की अमुक बाबतीत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, 'शॅल बी कन्सल्टेड'. सरकारने एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत तो नीट घेतला नाही. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की इथला शॅल बंधनकारक नाही, मार्गदर्शक आहे. सल्ला घेतला नाही तरी कारवाई रद्द होत नाही. अशा निकालांतून वकिलांनी एक सूत्र पाठ केलं: शॅलचा अर्थ मे होऊ शकतो, मेचा अर्थ शॅल होऊ शकतो, आणि कोणता कधी, हे ठरवण्यासाठी फी लागते. अमेरिकेने शेवटी हात टेकले. तिथल्या केंद्रीय न्यायालयांची दिवाणी नियमावली २००७ मध्ये नव्याने लिहिली गेली, तेव्हा शॅलला घराबाहेर काढून बहुतेक ठिकाणी साधासुधा 'मस्ट' आणून बसवला. मस्टचा दुसरा अर्थ काढायला वकिलालाही मेहनत पडते.

पण शॅलचा सगळ्यांत बेरकी अवतार घटनेच्या जुन्या ४५ व्या अनुच्छेदात होता. चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही दहा वर्षांच्या आत, आणि त्यासाठी राज्य काय करील? 'शॅल एन्डेव्हर'. म्हणजे प्रयत्न करील, आणि प्रयत्न मात्र नक्की करील. दहा वर्षं १९६० साली संपली. शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मधली पन्नास वर्षं त्या एन्डेव्हरच्या पोटात गेली. याला मराठीत रोजच्या वापरातला नेमका शब्द आहे: 'बघतो'. नगरसेवक बघतो, ठेकेदार बघतो, पाहुण्याला स्टेशनवर आणायला जायचं असेल तर मेहुणा बघतो. बघण्यात कुणीही कमी पडत नाही.

तेव्हा आपल्याला एवढंच सुचवायचं आहे. मुलांना परीक्षेत आयपुढे शॅल लिहू द्या, गुण जाणार नाहीत. बोलताना विल म्हणा, कुणी हसणार नाही. फक्त घराचा करारनामा पुढे आला की सही करण्याआधी ताब्याच्या कलमावर बोट ठेवून सावकाश वाचा. तिथे 'शॅल' एकटा असेल तर बिल्डरकडे 'मस्ट' मागा. त्याच्या मागे 'एन्डेव्हर' उभा असेल, तर तो खोडून घेतल्याशिवाय पेनाचं टोपण काढू नका.